एका माणसाचा बिल्ला

बिल्ला बोटांना लागला तेव्हा टॉर्मडला आधी ते कोटाचं सुटलेलं बटण वाटलं. डोलिनाचा काळा कोट दाराशेजारच्या खुंटीवर होता, ती आत स्वयंपाकघरात उद्याचे बटाटे आजच सोलून ठेवत होती, आणि टॉर्मड मॅकिव्हर, निवृत्त पोलीस सार्जंट, बायकोच्या कोटाच्या खिशात मनगटापर्यंत हात घालून उभा होता. चोरीबिरी करत नव्हता. ग्लासगोच्या पोलिसांत उभी हयात गेली की हात आपोआप दुसऱ्याच्या खिशाकडे वळतो, त्याला माणूस काय करणार. शिवाय कारण होतं. शनिवारची उपासना संपल्यावर डोलिना त्याला आणि घरी उतरलेल्या पाहुण्याला म्हणाली होती, तुम्ही दोघं व्हा पुढे, मी कपबशा विसळून येते. कपबशा विसळायला किती वेळ लागतो ते टॉर्मडला माहीत होतं, आणि ती त्याच्या दुपटीने उशिरा आली; बरं, आली ती हात कोरडे ठणठणीत आणि डोळे तेवढे धुतल्यासारखे. त्याच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. खिशातून हातमोजे निघाले, रुमाल निघाला, उपदेश लांबला तर चघळायच्या पेपरमिंटच्या गोळ्या निघाल्या, आणि सगळ्यांच्या तळाशी हे. त्याने ते खिडकीच्या उजेडात धरलं. शिशाचा चपटा तुकडा, कोपरे कापलेले, एका बाजूला मंडळीच्या, म्हणजे त्यांच्या चर्चच्या, नावाची अक्षरं, दुसऱ्या बाजूला त्याच्या आजोबाच्याही आधीचं एक साल. जिन्यात कोणाची तरी पावलं वाजली आणि त्याने मूठ मिटली. 

शनिवारी असा बिल्ला हातात पडला की रविवारी प्रभूच्या मेजावर, भाकर आणि द्राक्षारसाच्या पंगतीला, बसता येतं. बिल्ला नाही तर मेज नाही. आणि तो नुसता मागून मिळत नाही. पहिल्यांदा घेणाऱ्याला मंडळीच्या पंचांसमोर बंद खोलीत जाऊन बसावं लागतं आणि सांगावं लागतं, देवाने माझ्या आत्म्यात हे केलं, अमुक दिवशी केलं, मी त्याच्या निवडलेल्यांपैकी आहे असं मला यावरून वाटतं. आमच्या मंडळीत रविवारी चर्च भरून माणसं गेलिकमधून स्तोत्रं गातात, त्यांतली मेजावर बसणारी मूठभर. बाकीचे आम्ही दारूला न शिवणारे, रविवारी ट्रामच्या दांडीला हात न लावणारे, शास्त्राचे अध्यायच्या अध्याय पाठ असलेले लोक, आणि तरी जन्मभर मागच्या बाकांवर बसून वाट पाहतो. जगाचा पाया घालायच्या आधीच तारायच्या माणसांची नावं ठरलेली आहेत. ज्याचं नाव आहे त्याला एक दिवस खूण पटते. कुणाला शेतात खत टाकताना पटली, कुणाला बोटीवर. कानामागून कोणी बोलावं तसं शास्त्रातलं एक वाक्य आलं म्हणतात. टॉर्मडला कधी काही आलं नाही. आणि खरं सांगायचं तर, आलं असतं तरी त्याने त्याच्यावर विश्वास ठेवला नसता. कानामागून आवाज आला म्हणून सांगणारी पुष्कळ माणसं त्याने कोठडीत पाहिली होती.

म्हणजे डोलिना पंचांसमोर जाऊन आली होती. कधी? गुरुवारी संध्याकाळी. गुरुवारी ती मंडळीतल्या मैत्रिणीचं नाव घेऊन म्हणाली होती, पेगीचा पाय सुजलाय, बघून येते, आणि जाताना चांगली टोपी घातली होती. सुजलेल्या पायाला कोण चांगली टोपी घालून भेटायला जातं? हे तेव्हाच दिसायला हवं होतं. नोकरीत असता तर दिसलं असतं. घरात माणूस आंधळाच असतो. त्याने बिल्ला परत गोळ्यांखाली ठेवला, हातमोजे होते तसे वर ठेवले, उजवा आधी, आणि स्वयंपाकघरात गेला. तिथे सूपाचं मोठं पातेलं मंद आचेवर होतं, उद्या नुसतं गरम करायचं म्हणून, आणि सगळ्या घराला उकडलेल्या मटणाचा आणि सलगमाचा वास लागला होता. टॉर्मडच्या खुर्चीत एव्हंडर बसला होता. स्काय बेटावरून प्रभुभोजनासाठी आलेला पाहुणा, मोठा धार्मिक म्हातारा, शास्त्रात कोणाला हार न जाणारा. भोजनाच्या दिवसांत, गुरुवार ते सोमवार, आमच्या घरोघरी असे पाहुणे उतरतात आणि यजमानाची खुर्ची पाहुण्याची होते, त्याबद्दल कोणी काही बोलत नाही.

"पेगीचा पाय कसा आहे आता?" टॉर्मडने बुटाच्या पॉलिशची डबी उघडत विचारलं. रविवारचे बूट शनिवारीच चमकवावे लागतात, पाहुण्याचेसुद्धा.

"बरा आहे," डोलिना म्हणाली.

"कुठला पाय?"

"डावा."

"परवा उजवा म्हणाली होतीस."

"मी कुठला म्हटलंच नव्हतं." सुरी थांबली नाही. "पोलीस ठाण्यात नाहीयेस तू, टॉर्मड. आणि ते पॉलिश जाजमावर नको सांडूस."

एव्हंडर हसला. "अरे, मला तर बरंच वाटलं पोलिसाच्या घरी उतरवलं ते. निदान खिसे सांभाळायला नकोत."

टॉर्मडने मान खाली घालून ब्रश चालवला. मान खाली घातली की विचार नीट करता येतो. तिला हे कोणी शिकवलं? त्याचा पहिला संशय गुरुवारच्या पाळकावर गेला. उत्तरेकडून आलेला पोरगेला पाळक, पांढरेफटक हात, आणि उपदेशात एकच धोशा, की आमंत्रण सगळ्यांना आहे, एकूण एक माणसाला आहे, ते मनापासूनचं आहे, आणि आपण निवडलेले आहोत की नाही हे आधी शोधत बसायला देवाने कोणाला सांगितलेलं नाही. आधी या, मग ते कळेल. पुढच्या बाकांवर खोकल्याची साथ आल्यासारखं झालं होतं. आमच्यात उपदेश पसंत पडला नाही तर कोणी उठून जात नाही, खोकतात. त्या दिवशी घरी येऊन याच टेबलाशी वाद झाला होता. एव्हंडर म्हणाला होता, "आमंत्रण सगळ्यांना, हे मीही म्हणतो. पण मेलेल्या माणसाच्या दारावर थाप मारून काय उपयोग? आधी त्याला कोणी उठवायला नको? आणि कोणाला उठवायचं ते ठरलेलं आहे." त्यावर डोलिनाने, जी एरवी पाहुण्यांपुढे चहा ठेवून निघून जाते तिने, किटली हातात धरून विचारलं होतं, "मग मेलेल्याला बोलावतातच कशाला?"

"न आल्याबद्दल त्याला सबब राहू नये म्हणून, बाई."

"असलं बोलावणं माझ्या आईने वैऱ्याच्या घरीही धाडलं नसतं," ती म्हणाली आणि चहा ओतायला लागली. टॉर्मडला तेव्हा हसू आलं होतं. आता आठवलं तसं हसू गेलं. कारण शुक्रवारी, प्रश्नाच्या दिवशी, त्याने आणखी एक गोष्ट पाहिली होती आणि सोडून दिली होती. शुक्रवारी पाळक बोलत नाही, मंडळीतले मुरलेले लोक एकेक करून उठतात आणि कोणी तरी मांडलेल्या प्रश्नावर आपापल्या अनुभवातल्या खुणा सांगतात. या वेळचा प्रश्न होता, खरा आलेला कोण आणि आलो आहोत अशी समजूत करून घेतलेला कोण, हे कशावरून ओळखावं. टॉर्मडला शुक्रवार फार आवडतो. ती एक प्रकारची ओळखपरेडच असते. एव्हंडर उठून म्हणाला होता, खरा माणूस दाराशी येऊन थबकतो, खोटा थेट घरात शिरतो आणि ताट मागतो. सगळ्या मंडळीत हूं उमटला. तेव्हा टॉर्मडने शेजारी पाहिलं, तर डोलिना मांडीवरच्या हातांकडे बघत होती आणि तिच्या तोंडाच्या कोपऱ्यात काही तरी होतं. हसू नव्हतं. एखादी गोष्ट ठरली की तिचं तोंड असं होतं. पार्टिकमधलं हे घर घ्यायचं ठरवलं तेव्हा झालं होतं, आणि यूअनच्या खोलीतला पलंग विकायचा नाही म्हणाली तेव्हा.

यूअनपर्यंत मन आलं की टॉर्मड एरवी परत फिरतो. आज फिरता आलं नाही. एकुलता मुलगा, लढाईत मालवाहू बोटीवर होता, अटलांटिकमध्ये बोट बुडाली, वय एकोणीस. तार आली त्या आठवड्यात पाळक आले, पंच आले, शेजारचे आयरिश लोकसुद्धा दारात टोप्या काढून उभे राहिले, पण मुलाचं तारण झालं असेल असं एकानेही म्हटलं नाही. आमच्यात कोणी उगाच तसं म्हणत नाही. खोटा दिलासा देणं हे पाप आहे. ते सगळे गेल्यावर टॉर्मडने एकट्याने मुलाच्या बाजूचा आणि विरुद्धचा पुरावा गोळा करायला घेतला, तसा तो अजूनही करतो. विरुद्ध: बाजा, शनिवारचे नाच, रविवारी सकाळी भिंतीकडे तोंड करून झोपणं. बाजूने: बारा-तेरा वर्षांचा असताना स्तोत्र चाललं होतं आणि पोराच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. टॉर्मडचा ऊर तेव्हा आनंदाने भरून आला होता. सोमवारी कळलं की दाढ दुखत होती. एवढाच पुरावा. मग त्या हिवाळ्यात एकदा डोलिना मोरीशी उभी राहून, पाठ वळवलेली, म्हणाली होती, "तो जिथे नसेल तिथे मला जायचं नाही." देवाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली होती. त्या दिवसापासून टॉर्मडला बायको आणखी जवळची वाटायला लागली. आपण निवडलेलो नाही हे त्याला जवळजवळ कळून चुकलं होतं. मुलगाही नव्हता. आणि डोलिना तर आपण होऊन त्या दोघांच्या बाजूला येऊन उभी राहिली होती. मागच्या बाकावर तिच्या खांद्याला खांदा लावून बसताना त्याला वाटे, चला, बाहेर तर बाहेर, पण तिघं एकत्र. हे त्याने कधी शब्दांत आणलं नव्हतं. आणलं असतं तर त्याचं त्यालाच भयंकर वाटलं असतं. पण आता तो शिशाचा तुकडा पाहिल्यावर दिसलं की इतकी वर्षं आपण याच एका फळीवर उभे होतो, आणि ती तिने पायाखालून काढून घेतली, वर कपबशा विसळायच्या आहेत असं सांगून.

चहाला एव्हंडरने स्कायच्या गोष्टी काढल्या. त्यांच्या गावात कोणी नवराबायको होते, चाळीस वर्षांचा संसार, ती मेजावर बसणारी आणि तो नाही. ती मरायला टेकली तेव्हा नवऱ्याचा हात धरून म्हणाली, आपला निरोप इथेच, कारण तिकडे आपली गाठ पडायची नाही. "आणि मी तुला सांगतो," एव्हंडर लोणी लावता लावता म्हणाला, "तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. कृपा अशी असते. एका बिछान्यातले दोघं, एक उचलला जातो आणि एक राहतो."

"नवऱ्याचं काय झालं मग?" डोलिनाने विचारलं.

"त्याचं काय व्हायचं? जेवायचा, झोपायचा. मेला पुढे."

"बिचारा," डोलिना म्हणाली आणि टॉर्मडच्या बशीत ओटची आणखी एक पातळ भाकरी ठेवली. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने नेहमीसारखंच पाहिलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण हिच्या मनात कुठेच काही दिसत नव्हतं, हिच्या तोंडावर तर शनिवारच्या कामांचा शीण तेवढा होता. इतकं सफाईदार खोटं त्याने मुरलेल्या गुन्हेगारांतही कमी पाहिलं होतं. तो उठला, बाहेर कोळसा बघून येतो म्हणाला, आणि खुंटीजवळ गेला. या वेळी हात सरळ तळाशी गेला. बिल्ला त्याच्या जाकिटाच्या खिशात पडला तेव्हा बारीकसा आवाजही झाला नाही. त्याने स्वतःला सांगितलं, मी हे तिच्या भल्यासाठी करतोय. अपात्र असून जो त्या मेजावर खातो तो स्वतःवर शिक्षा ओढवून घेतो, हे शास्त्रच आहे, आणि तिच्याजवळ काय खूण आहे? काय पुरावा आहे? हे सगळं बरोबर होतं. फक्त खरं नव्हतं. त्याला एकटं पडायची भीती वाटत होती, एवढंच.

रविवारी सकाळी ती कोट चढवून जिना उतरत असताना तो मुद्दाम दोन पायऱ्या मागे राहिला. तिने खिशातून हातमोजे काढले. हात पुन्हा आत गेला. तळाशी थांबला. मग बाहेर आला आणि तिने हातमोजे घातले, एकेका बोटाशी खेचून, सावकाश. मागे वळून पाहिलं नाही. टॉर्मडला वाटलं, झालं. आता ती बसून राहील, घरी गेल्यावर विचारेल, मी नाही म्हणेन, कुठे तरी पडला असेल म्हणेन, आणि आपण पुन्हा होतो तसे होऊ. रस्ते रिकामे होते. गोदीतले हातोडे गप्प होते आणि क्लाइड नदीवरून ओल्या धुराचा वास येत होता. एव्हंडर पुढे चालत उद्याच्या आभाराच्या उपासनेबद्दल काही बोलत होता आणि डोलिना त्याला हो, नाही, करत होती. तिचा आवाज जराही हलला नव्हता, आणि त्यामुळे टॉर्मडला पुन्हा संशय यायला लागला.

मंडळीत पुढच्या बाकांसमोरच्या फळ्यांवर पांढरी लांब कापडं अंथरली होती, तेच मेज. तो आणि डोलिना आपल्या नेहमीच्या जागी मागे बसले, एव्हंडर पुढे गेला. उपदेशानंतर पाळकांनी मेजाला कुंपण घातलं. कुंपण घालणं म्हणजे कोणी येऊ नये ते सांगणं: खोटं बोलणाऱ्याने येऊ नये, रविवार मोडणाऱ्याने येऊ नये, मनात वैर धरणाऱ्याने येऊ नये, चोराने येऊ नये. टॉर्मड दर वेळी या यादीत स्वतःला शोधत असे आणि कुठल्या तरी आतल्या पापापाशी सापडे. या वेळी शोधावं लागलं नाही, जाकिटाच्या खिशातच होतं. मग स्तोत्र सुरू झालं. गाणं सांगणाऱ्याने एक ओळ एकट्याने उंच म्हटली आणि सगळी मंडळी तिच्या मागून निघाली, प्रत्येक जण आपल्या चालीने, आमचं गाणं तसंच असतं, समुद्राचं पाणी वाळूवर चढावं तसं संथ. या गाण्यातच मेजावर बसणारे उठतात. एक म्हातारी उठली. दोघे भाऊ उठले. आणि डोलिना उठली. त्याच्या गुडघ्यांपाशी येऊन थांबली, कारण तो पाय आत घेईना. मग तिने त्याच्या खांद्यावर हात टेकून वाट काढली आणि बाकांमधल्या जायच्या-यायच्या पट्ट्यात गेली. तिला माहीत होतं. खिशात काही नाही हे माहीत असून ती चालली होती.

मेजाच्या तोंडाशी फार्कर मॅथेसन उभा होता, कोळशाचा व्यापारी, पंचांतला सगळ्यांत कडक माणूस, तळहात पुढे करून. एकेक बिल्ला त्याच्या हातात पडत होता आणि तो एकेकाला आत सोडत होता. डोलिनाची पाळी आली. तिने काही दिलं नाही. फार्कर वाकला, तिने काही तरी सांगितलं, फार्करने नकाराची मान हलवली आणि तळहात तसाच ठेवला. तिच्यामागची ओळ थांबली. गाणं चाललं होतं, पण वरच्या सज्ज्यातून माना पुढे यायला लागल्या, आणि टॉर्मडला दिसलं की डोलिनाचे हातमोजे घातलेले हात बाजूला नुसते लोंबत आहेत, लहान मुलीला वर्गाबाहेर उभं केल्यावर असतात तसे. आता ती परत फिरेल. सगळ्यांच्या देखत त्या लांब पट्ट्यातून मागे येईल. त्याला हेच हवं होतं. आणि ते डोळ्यांसमोर आल्यावर त्याला ते एक क्षणही बघवेना. आपण कधी उठलो हे त्याला कळलं नाही. ज्या पट्ट्यातून जायला पाय फुटावेत म्हणून त्याने आयुष्यभर वाट पाहिली होती त्या पट्ट्यातून तो चालला होता. बूट करकरत होते. पेगी तोंडाला हात लावून बघत होती. कोणी तरी गाताना थांबलं. म्हणजे आता सगळ्यांना वाटतंय, मॅकिव्हरला खूण पटली. शरमेने त्याचे कान पेटले.

"तिचा आहे," तो फार्करला म्हणाला आणि बिल्ला त्याच्या तळहातावर ठेवला.

फार्करने बिल्ल्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. त्याने बिल्ला मुठीत घेतला आणि तळहात पुन्हा उघडला. डोलिना आत गेली आणि बाकाच्या टोकाला, पांढऱ्या कापडासमोर बसली. टॉर्मड तसाच उभा राहिला, इतका जवळ की कापडाच्या घड्या दिसत होत्या, रुपेरी पेल्याच्या काठावर पडलेला खिडकीचा चौकोन दिसत होता. त्याचे पाय निघत नव्हते. डोलिनाने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, आणि बाकावर आतल्या बाजूला सरकली. चांगली हातभर सरकली.  तो वळला आणि आला होता तसा परत गेला, जागेवर बसला आणि गुडघ्यांत मान घातली. भाकर फिरत असताना, पेला फिरत असताना त्याला पुढचं काही दिसलं नाही; दिसत होतं ते एवढंच, की ती सरकली. चोराला बघून सरकली. ज्याचा कोट आपल्या कोटाशेजारी टांगलेला असतो त्या माणसाच्या अंगाचा स्पर्श नको म्हणून सरकली. एव्हंडरने सांगितलेली ती स्कायची बाई निदान हात धरून तरी बोलली होती.

उपासना सुटल्यावर एव्हंडर दारात गप्पांत अडकला आणि ती दोघं घराकडे निघाली.  डोलिनाच्या चेहऱ्यावर तेज वगैरे काही नव्हतं. नाक लाल झालं होतं आणि ती थोडी लंगडत होती, चांगले बूट तिला नेहमीच चावतात.

"तुला कळलं होतं," तो शेवटी म्हणाला. "जिन्यातच."

"घरात पोलीस असल्यावर दुसरा चोर कुठून यायचा?"

"मग उठलीस का?"

"तो मला दिलेला होता. खिशात नव्हता म्हणून काय झालं? फार्करने स्वतःच्या हाताने दिलेला." ती थांबून बुटाची टाच सैल करायला लागली, त्याच्या दंडाला धरून. "तुला वाटतं मी तिथे जाऊन त्यांना काही तरी चमत्कार सांगितला असेल. त्यांनी विचारलं, खूण काय आहे. म्हटलं, खूण नाही, भूक आहे. फार्कर खिडकीकडे तोंड करून उभा राहिला किती तरी वेळ."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू पुरावा मागितला असतास."

हे खरं असल्यामुळे त्याला राग आला. "आणि यूअन?" तो म्हणाला. तिच्याशी बोलताना हे नाव त्याने फार वर्षांनी उच्चारलं, आणि भर रस्त्यात, रविवारच्या उजेडात. "तो जिथे नसेल तिथे जायचं नाही म्हणाली होतीस. मी ऐकलंय. मी विसरलेलो नाही."

"मी तरी कुठे विसरलेय?" तिने बूट तसाच ठेवून मान वर केली. "यूअनचं मला काही म्हणजे काही कळलेलं नाही. स्वप्न नाही, शब्द नाही. इतकी वर्षं त्याच्यासाठी बाहेर उभी राहिले. त्याने तो आत आला का? आई म्हणून मी केलं काय, तर उपाशी बसले. आता आत बसून विचारणार आहे. तोंडावर विचारणार आहे, माझं पोर कुठे ठेवलंयस. बाहेर उभ्या असलेल्याला उत्तर कोण देतो?"

 टॉर्मडच्या आतलं ते अजून ठुसठुसत होतं, आणि पोलिसाला शेवटचा प्रश्न सोडता येत नाही. "मला बघून सरकलीस तू," तो म्हणाला. "तिथे. मी पाहिलं."

"सरकले तर!" तिने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू तो लहान पोर आहे. "जागा नको व्हायला? तुझ्यासारखा धिप्पाड माणूस काय मांडीवर बसवणार होते? एवढा चालत आलास, मला वाटलं आता बसतोस. आणि तू आपला पाठ फिरवून चालता झालास, मला तर काही कळेना."

"माझ्याकडे बिल्ला नव्हता."

"नव्हता. मग हाकलला असता, काय झालं असतं? कोण म्हणालं तुला जा म्हणून? नाव सांग."

तो उभा राहिला. नाव. त्याने सगळा प्रसंग पहिल्यापासून पुन्हा लावायला घेतला, जसा जन्मभर लावत आला होता, कोण कुठे उभं होतं, कोणाचा हात कुठे होता. पाळक खाली मान घालून उभे होते. गाणारा गात होता. फार्करने बिल्ला मुठीत घेतला आणि तळहात पुन्हा उघडला, तो पुढच्यासाठी होता की आणखी कशासाठी हे सांगता येणार नाही, पण तो आडवा आला नव्हता. एव्हंडर डोळे मिटून होता. आणि बाकाच्या टोकाला, पांढऱ्या कापडासमोर, एका माणसाला पुरेल एवढी जागा रिकामी होती. आणि ती कोणाची म्हणून ठरली होती, की नव्हतीच ठरलेली, हे त्याच्या पायांनी वळण्याआधी कोणाला विचारलंच नव्हतं. डोलिना त्याच्या उत्तराची वाट बघत होती.

"कोणीच नाही," टॉर्मड म्हणाला, आणि म्हणताना त्याला इतकी भीती वाटली की त्याने रस्त्यातच तिचा हात घट्ट धरला.